आडव्या कागदाचा बूस्टर

नंदूशेठने देवळ्याच्या मुलांना फसवलं. नंदूशेठ म्हणजे नाशकातले एक छापखानेवाले. त्यांच्या शाळेला मात्र वाटलं की खैरनारने, म्हणजे मी, फसवलं, कारण पाकिटावर नाव माझं होतं. ते नाव ठळक छापून घ्यायला मीच शेठशी भांडलो होतो.

मला हे कळलं अहिरेबाईंमुळे. बाई देवळ्याला शाळेत विज्ञान शिकवायच्या. एका दुपारी त्या नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या माझ्या दुकानात आल्या आणि पिशवीतून चेंबलेल्या कागदी नळ्यांचा ढीग टेबलावर ओतला.

"खैरनार तुम्हीच ना?"

"मीच. बसा."

"बसायला नाही आले. हे गुंडाळून दाखवा."

मी मूळचा नामपूरचा. मिठाईचे खोके बनवत बनवत बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेल करायला लागलो. कुणी शिकवलं नाही. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत शाळाशाळांत रॉकेटचं वेड होतं, म्हणून मी बूस्टरचा संच तयार केला. बूस्टर म्हणजे मोठ्या रॉकेटच्या बगलेला बांधलेलं जोडरॉकेट. सुरुवातीला जोर लावायचा, जळून संपलं की गळून पडायचं. खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याचं माझं मॉडेल होतं. टोकदार टोपी, लांब नळी, सांध्यांवरच्या पट्ट्या, खालचं धुराचं तोंड, सगळं कार्डशीटवर सपाट छापलेलं. कापायचं, गुंडाळायचं, चिकटवायचं.

बाईंनी आणलेला एक कोरा संच मी उघडला आणि नळीचा कागद गुंडाळायला घेतला. कडकन मोडला. दुसरा घेतला, तोही मोडला. माझं डोकं तापलं.

कागदाला ग्रेन असतं. म्हणजे त्याचे तंतू एका दिशेला झोपलेले असतात. नळीच्या लांबीला समांतर तंतू असले तर कागद सुरेख वळतो. आडवे असले तर मोडतो, जागोजागी कोपरे पडतात. खोकेवाल्याला हे पहिल्या आठवड्यात कळतं. मी सही केलेल्या प्रूफवर, म्हणजे नमुन्याच्या छपाईवर, तंतू बरोबर उभे होते. विक्रीच्या संचात ते आडवे होते. पानं आडवी फिरवली की मोठ्या शीटमध्ये एक पान जास्त बसतं. शेठने मला एक दाखवलं आणि छापलं दुसरं.

"बाई, मुलांची चूक नाही. कागदच आडवा आहे."

बाई आता खुर्चीत बसल्या. "मुलं तसं म्हणत नाहीत. म्हणतात, आम्हालाच जमत नाही. आमचे हात कांदे काढायचे, हे शहरातल्या पोरांचं काम. शनिवारी तालुक्याचं प्रदर्शन आहे. टेबल आमचं आहे आणि टेबलावर ठेवायला काही नाही. हेडमास्तर म्हणतात, तिथे भरतकाम मांडा."

मी तसाच छापखान्यात गेलो. शेठ चहा पीत होते.

"शेठ, पानं आडवी का फिरवली?"

"आल्या आल्या भांडण? चहा घ्या."

"चहा नको. नवे छापून द्या."

"अहो खैरनार, कागदाला कसली आलीय दिशा? वास्तुशास्त्र आहे का? पोरांना गुंडाळता येत नाही, त्याला मी काय करू?"

"तुम्ही गुंडाळा. इथे, माझ्यासमोर."

शेठने कागद हातात घेतला. मग खाली ठेवला. "मला वेळ नाही."

पुन्हा छापायला ते काही केल्या तयार होईनात. मी आवाज चढवला, कंपोझिटर अक्षरांचे खिळे सोडून बघायला लागले. शेवटी मशीनपाशी पडलेला छापील शीटांचा उरलेला सगळा गठ्ठा उचलायची परवानगी पदरात पाडून घेतली. तोही आडवाच होता, पण एक मोडला तर दुसरा घ्यायला कागद तरी हाती आला.

दुसऱ्या दिवशी एसटीने देवळ्याला गेलो. मुलांना म्हटलं, "घरून लाटणी आणा. सरळ, गोल, जाडजूड."

एक मुलगी म्हणाली, "सर, आई मारेल."

"माझं नाव सांग."

"तुमचं नाव ऐकून जास्त मारेल. संच तुमचाच हाय ना?"

वर्ग हसला. मी पण हसलो, काय करणार!

आडवा कागद वळवायचा तर पाठीमागून ओलं फडकं हलकं फिरवावं लागतं. तंतू सैल पडले की लाटण्यावर हळूहळू गुंडाळायचं, वरून सुती दोरा लपेटायचा आणि उन्हात ठेवायचं. घाई केली की मोडतं. पहिले बरेच मोडले. मुलं माझ्याकडे बघायची, मी पुढचा कागद द्यायचो. शाळेच्या ओट्यावर दोरा गुंडाळलेल्या लाटण्यांची रांग लागली. एक आजी फाटकाशी येऊन ओरडली, "मन्हं लाटणं कोठे शे? पोळ्या थांबल्यात!" बाईंनी तिला समजावून परत पाठवलं.

दोरा सोडला तेव्हा नळ्या गोल निघाल्या. अगदी गोल नाही, पण उभ्या राहिल्या. त्यावर टोप्या बसल्या, सांध्यांच्या पट्ट्या जुळल्या. मघाची मुलगी टोपी लावायच्या आधी आपली नळी डोळ्याला लावून आरपार बघत राहिली. शनिवारी टेबल भरलं. बक्षीस दुसऱ्या शाळेच्या भरतकामाला मिळालं. बाई म्हणाल्या, "चालतंय."

धंद्यातल्या लोकांना एवढंच सांगतो. प्रूफवर सही करताना नुसती छपाई बघू नका, कागद वाकवून बघा. आणि माल निघाल्यावर पुन्हा वाकवून बघा.

नंदूशेठ अजून छापतात. लग्नाकार्यात भेटले की चारचौघांत सांगतात, "खैरनारचं ते मॉडेल चांगलं होतं, पण खेड्यातल्या पोरांना झेपलं नाही." मी ऐकून घेत नाही, तिथेच भांडतो. पण मी एकट्याने भांडून काय उपयोग? ज्या ज्या शाळांत ते संच गेले, तिथे सगळीकडे मी लाटणी घेऊन पोचलो नाही. तिथली मुलं आपल्याच हातांना नावं ठेवत मोठी झाली असतील. शेठ, तुमचं उत्तर मला नको. त्या मुलांना गाठा, आणि 'तुमचे हात चांगले होते, कागद मी फिरवला होता' हे त्यांच्या तोंडावर सांगा.