सावे सरांची बर्फाची सहल

आमच्या स्टाफरूममधले किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. पावसाळ्यात ओट्यावर चपला साठतात ना, तसे ते साठत गेले. कुठली कोणाची ते कोणी बघत नाही, ज्याला जी सापडेल ती पायात घालून तो निघतो! त्यामुळे मी आता सांगते तेच किस्से राऊत सर वेगळे सांगतील. त्यांचं ऐकू नका. ते भूगोलवाले, त्यांना सगळं लांबून बघायची सवय. मी गणिताची बाई. पदरचं काही घालत नाही. फार फार तर थोडं मीठ.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचे दिवस. सावे सर आमचे पी.टी.चे शिक्षक. डहाणूतच मसोलीला घर, मागे छोटीशी चिकूची वाडी, गळ्यात कायम शिट्टी. रिटायरमेंट तोंडावर आलेली. मधल्या सुट्टीत चहाचा कप खाली ठेवून त्यांनी जाहीर केलं, "रिटायर व्हायच्या आधी मला स्कीइंग करायचंय."

राऊत सर म्हणाले, "सर, डहाणूत घसरण्यासारखी जागा एकच. जेट्टी! आणि तिच्यापुढे पाणी आहे."

सगळे हसले. सरही हसले. पण घंटा झाल्यावर व्हरांड्यात मला हळूच म्हणाले, "बाई, खरं सांगू? आमच्या हिनं मला आयुष्यात एकदाही खेळताना बघितलेलं नाही. मी कबड्डी तालुक्याला खेळलो, जिल्ह्याला खेळलो. ही आपली वाडीत. कधी चिकू उतरवायचे, कधी पोरांचं दुखणं. एकदा तरी तिनं बघावं, एवढंच."

"मग कबड्डीच खेळा की मैदानावर! वहिनींना मी घेऊन येते."

"या गुडघ्यांनी? हरेन. बर्फावर बरं असतं, समोर कोणी नसतं!"

*

जायचं कुठे, यावर आठवडाभर भांडणं. कोणी गुलमर्ग म्हणालं, कोणी मनाली. सर म्हणाले, "जिथे सगळे जातात तिथे नको. मी पडलो तर सगळे बघतील."

राऊत सरांचे मेहुणे मिलिटरीत. त्यांनी शिमल्याच्या पुढचं नारकंडा सुचवलं. छोटंसं गाव, छोटासा उतार. सरांनी स्टाफरूमभर विचारलं, "नारकंडा ऐकलंय का कोणी?" राऊत सर सोडून सगळ्यांनी नाही म्हटलं.

"झालं तर मग. तिथेच!"

*

डिसेंबरात पोस्टातून ट्रंक कॉल लावला. लॉजवाल्यांना एवढंच विचारायचं होतं, की बर्फ पडला का. लाइन अशी, की सरांना मैदानावरचा आवाज काढावा लागला. "हॅलो! बरफ! अरे, बरफ गिरा क्या?" पोस्टातली रांग चिडीचूप. पलीकडून उत्तर आलं, अजून नाही.

दुसऱ्या दिवशी सर किराणा आणायला गेले. दुकानदार शेठने साखर बांधता बांधता विचारलं, "साहेब, बरफ पड्यो के?" तलासरीच्या एसटीत कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "काय सर, पडला का?" कैनाडहून भाजी घेऊन येणारी मावशी तर रोज पाटी खाली ठेवायच्या आधी विचारायची. सगळं डहाणू हिमाचलच्या आभाळाकडे डोळे लावून बसलं!

लॉजवाल्यांची तार आली, बर्फ पडला. सर तार घेऊन शाळेत धावत आले, तर शिपाई गेटवरच म्हणाला, "अभिनंदन सर!"

*

मध्ये एक राहिलंच. बर्फ पडावा म्हणून सरांनी विवळवेढ्याला महालक्ष्मीपुढे नारळ फोडला. त्याच दिवशी त्याच रांगेत, चार माणसं मागे उभं राहून, सुमनवहिनींनी दुसरा नारळ फोडला. सर पडू नयेत म्हणून!

देवीने पहिला नारळ ऐकला. दुसऱ्याच्या वेळी गर्दी फार असणार.

*

थंडीची सवय हवी, असं सरांचं म्हणणं. डहाणूत थंडी म्हणजे पंखा बंद करणं! मग एका रविवारी आमची वरात बंदराजवळच्या बर्फाच्या फॅक्टरीत. बोटींना लागणारा बर्फ तिथे तयार होतो. बागवाल्या इराणी शेजाऱ्यांकडून सरांनी जुना ओव्हरकोट मागून आणला होता. डांबरगोळ्यांचा असा वास, की मासळीचा वास मागे पडला.

सर बर्फाच्या लादीवर उभे राहिले. हात पसरून गुडघे वाकवले. बर्फ न्यायला आलेल्या कोळणी कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. एकजण म्हणाली, "मास्तर, पापलेटाला पन आमी एवढे कपडे नाय घालत!"

राऊत सर पाच मिनिटांत बाहेर आले. "मला झाली सवय," म्हणाले. मग आठवडाभर त्यांच्या वर्गात भूगोल कमी आणि शिंकाच जास्त.

*

घसरायची प्रॅक्टिस तलासरीला. तिथे एका व्यापाऱ्याची गवताची वखार होती. सुकं गवत केवढं निसरडं असतं, ते त्यावर चढून बघितल्याशिवाय कळायचं नाही. मसोलीच्या सुताराने फणसाच्या दोन फळ्या तासून दिल्या, त्यांवर सरांच्या जुन्या चपला ठोकल्या. सर गंजीवर चढले, शिट्टी वाजवली आणि निघाले.

म्हणजे फळ्या निघाल्या! चपलांचे अंगठे तुटले आणि सर कंबरेपर्यंत गवतात रुतून तिथेच. फळ्या सरळ खाली, गवताच्या पेंढ्या बांधणाऱ्या बायकांच्या पुढ्यात. त्यांतल्या एकीने फळी उचलून बघितली आणि वर बघून ओरडली, "गुरुजी, फळी पोचली! तुमी कवा येताव?"

त्या दिवशी मी इतकी हसले, की परतीच्या एसटीत पोट धरून बसले होते.

*

एव्हाना अर्धी स्टाफरूम सरांबरोबर निघाली होती, आणि स्वेटर कोणाकडेच नव्हते. आम्ही बायका ऑफ तासाला विणायला बसलो. हेडमास्तर दारात येऊन गरजले, "ही शाळा आहे की लोकरीचं दुकान?" आम्ही सुया लपवल्या. रजेचे अर्ज त्यांच्याच टेबलावर पडले होते, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे उतरले.

सोमवारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. ड्रॉवरमधून चॉकलेटी लोकर काढली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या मिसेसना विणता येत नाही. गळा बंद हवा. आणि बाई, अर्जावर माझंही नाव घाला!"

*

वहिनींची यायला अट एकच. "कोणाच्या गावी रिकाम्या हातानं जायचं नाही." म्हणजे चिकू! डहाणूचा माणूस चंद्रावर गेला तरी पिशवीत चिकू नेईल. वहिनींनी करंडी भरून कच्चे चिकू घेतले. नेहमीचा हिशेब, वाटेत पिकतील.

थंडीत चिकू पिकतात कुठे! नारकंड्याला पोचलो तरी ते दगडासारखे. वहिनींनी त्यातलेच चार लॉजवाल्या नेगीजींच्या हातात ठेवले आणि "दो दिन के बाद खाना" म्हणेपर्यंत त्यांनी एकाचा लचका तोडलासुद्धा. चीक असा चिकटला, की दिवसभर त्यांचं तोंड उघडेना. आम्ही आपसांत म्हणतोय, पहाडी लोक किती मितभाषी!

मग वहिनींनी करंडी शेगडीजवळ ठेवली आणि तिच्यावर खोलीतली जाड रजई घातली. सर सकाळी कुडकुडत खाली आले. "ओव्हरकोट घालून झोपलो," म्हणाले. "रजई चिकूंना लागते!"

*

आता खरं स्कीइंग. सर पहिल्या दिवशी पडले. दुसऱ्या दिवशी पडले. पुढे पडले, मागे पडले, एकदा तर उभ्या उभ्या, काही न करता पडले. शिकवणारा म्हणायचा, "सरजी, घुटने मोडिए." सर म्हणायचे, "मोडलेलेच आहेत रे बाबा!" वहिनी उताराच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसायच्या, साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल. सर प्रत्येक वेळी पडले की आधी तिकडे बघायचे.

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी आमची परतीची बस. मला फार वाईट वाटत होतं. एवढी जमवाजमव केली, आणि या माणसाला फक्त पडताना दाखवून परत न्यायचं!

सर वर चढले. खालून ते अगदी छोटे दिसत होते. आम्ही सगळे वहिनींच्या मागे उभे. हेडमास्तरांनी चॉकलेटी स्वेटरचा गळा वर ओढून घेतला होता.

सर निघाले. हलले, डगमगले. एक हात वर गेला. मी राऊत सरांचा दंड धरला. पण पडले नाहीत हो! गुडघे वाकवून, पाठ कशी कबड्डीच्या चढाईला जाताना असते तशी, सर सरळ खाली येत होते. "सावे! सावे!" हेडमास्तर चक्क नाचत होते. शिकवणारा टाळ्या वाजवत होता. लॉजवाले नेगीजी दारातून ओरडत होते, म्हणजे तोंड उघडलं होतं. आणि सर आले, वहिनींच्या अगदी पुढ्यात येऊन थांबले. उभे! दम लागलेला, चष्म्यावर बर्फ, डोळ्यांत पाणी.

"सुमन," ते म्हणाले, "बघितलंस?"

वहिनींनी दोन्ही तळवे डोळ्यांवर गच्च दाबून धरले होते. त्या तशाच म्हणाल्या,

"पोचलात का हो? उघडू मी डोळे?"

सरांनी फळ्या काढल्या, खांद्यावर टाकल्या आणि परत टेकडी चढायला लागले.