बाई वाचतात, बाबा ऐकतात

“सुदामबाबांचं नाव काढून टाक,” मधुरा मॅडम पुण्याहून फोनवर म्हणाल्या. त्या आमच्या प्रोजेक्टच्या प्रमुख. “मजकूर रोज उघडला जातोय, अर्धा अर्धा तास उघडा राहतोय, आणि शेवटच्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. फोन चालू ठेवून माणूस झोपत असणार. इकडे लोक वेटिंगला आहेत.”

“मॅडम, एकदा जाऊन बघते. मग काढू.”

“याच आठवड्यात बघ.”

आमचं काम काय ते आधी सांगते. मी मूळची नर्स. जुन्नरला राहते आणि एका संस्थेसाठी आजूबाजूच्या गावांत फिरते. ज्या घरात डिमेन्शियाचं, म्हणजे हळूहळू सगळं विसरत जाण्याच्या आजाराचं माणूस आहे, तिथे त्याला सांभाळणाऱ्यांसाठी आमचा प्रोजेक्ट आहे. पेशंटकडे डॉक्टर बघतात. सांभाळणाऱ्याला कोणी विचारत नाही. त्याला आम्ही दर आठवड्याला मोबाइलवर एक छोटा मजकूर पाठवतो, कधी गोष्ट, कधी दुसऱ्या कुणाचा अनुभव. त्याने तो वाचायचा, खालच्या दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग मी फोन करून बोलायचं. याला वाचनोपचार म्हणतात. नाव भारी आहे. दुसऱ्याचं वाचलं की आपल्याला वाचा फुटते, एवढाच त्याचा अर्थ.

सुदामबाबा महाळुंगे पडवळचे, सत्तरी ओलांडलेले शेतकरी. त्यांची बायको वत्सलाबाई प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या. सगळं गाव त्यांना नुसतं बाई म्हणतं, बाबासुद्धा. बाईंच्या आजाराचं हे चौथं वर्ष. त्यांची मुलगी सुनीता चाकणला नोकरी करते, तिनेच बाबांचं नाव आमच्याकडे दिलं होतं. मी फोन केला की बाबांचं एकच उत्तर, “रानात हाय ताई, मागनं बोलू.” मागून कधी बोलणं झालं नाही.

चारच्या सुमाराला मी पोचले. स्कूटी बाहेर लावत होते तोच घरातून वाचल्याचा आवाज आला. स्पष्ट, खणखणीत, शाळेतला आवाज. स्वल्पविरामाला जरासा थांबणारा, पूर्णविरामाला पुरता थांबणारा.

दारातून बघितलं. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, चष्मा लावलेला, फोन पुस्तकासारखा दोन्ही हातांत धरलेला. बाबा समोर जमिनीवर मांडी घालून, मान खाली.

“‘ती पाचव्यांदा म्हणाली, आपण घरी कधी जायचं?’” बाई वाचत होत्या. “‘मी तिचा दंड धरला आणि तिला खाली बसवलं. जोरात. नंतर बघितलं, तर दंडावर माझी बोटं उमटली होती.’”

हा मजकूर मीच पाठवला होता. आणि आमचा पहिला नियम असा की सांभाळणाऱ्याचा मजकूर पेशंटसमोर जाता कामा नये. त्यात राग असतो, वैताग असतो. पेशंटने स्वतःला त्यात ओळखलं, तर त्याला काय वाटेल? इथे तर पेशंटच वाचत होती. पुढे होऊन थांबवावं की नाही, ते ठरेपर्यंत मजकूर संपलाही.

बाईंनी चष्मा काढला. “या माणसाच्या मदतीला कोणी नाही का?”

“न्हाई,” बाबा म्हणाले.

“मग चिडणारच. त्याला सांगा, आधी दोन घास खाऊन घे. उपाशी माणसाला राग लवकर येतो.” एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही कोणाच्या पालक?”

बाबा मला अंगणात घेऊन आले. मग म्हणाले, “मला सही येती तेवढी. वाचाया येत न्हाई. आमच्या बापानं सुनेला शिकीवलं. म्या तिला सायकलवर घोडेगावच्या शाळेला सोडायचो आन् माघारी येऊन औत धरायचो. घरातलं वाचायचं समदं बाईच बघायची, तवा सुनीताला कधी कळलंच न्हाई. आपल्या लेकीला कसं सांगायचं?”

“आणि बाई वाचायला कशा लागल्या?”

“फोन तिच्या हातात दिला, तर लागली वाचाया. चहा पिली का ते ध्येनात ऱ्हात न्हाई, पर वाचती बघा कशी.”

हे या आजारात होतं. मोठ्याने वाचायची सवय जुनी, खोल गेलेली. अर्थ हातून निसटतो, तरी पुष्कळ दिवस ती टिकते. वाचलेलं दहा मिनिटांत पुसलं जातं. म्हणूनच एकच मजकूर रोज नव्याने वाचला जात होता.

“ताई, एक सांगू का,” बाबा म्हणाले. “मागल्या आठवड्यात म्या बी हात उगारला. मारला न्हाई, पर उगारला. मंग सुनीताला फोन केला, म्हटलं आईला पुण्याला असल्या पेशंटांच्या सेंटरात ठेव, माझ्याच्यानं व्हत न्हाई. रविवारी यायची हाय ती. आन् दुसऱ्याच दिशी हिनं ही गोष्ट वाचली. त्यो माणूस बी माझ्यावानीच. मला वाटलं व्हतं, म्या एकलाच असला वंगाळ.”

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. “आन् तीच म्हणती, त्याला दोन घास खाऊ घाला. रोज म्हणती.”

त्या दिवशी आम्ही दीड तास बोललो. मी तिथूनच सुनीताला फोन लावला. बाबांना वाचता येत नाही, हे तिला खरंच माहीत नव्हतं. ती फोनवर रडली. रविवारी ती आली ती सेंटरचं ठरवायला नाही, तर गल्लीतल्या एका मावशींना सकाळच्या कामाला ठेवायला. त्या वेळात बाबांना निर्धास्तपणे रानात जाता येऊ लागलं.

मधुरा मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या आधी भडकल्या. “पेशंट वाचतेय? अगं, उद्या तिला कळलं की हे आपल्याबद्दलच आहे, तर?”

“म्हणून दोन भाग करू,” मी म्हटलं. “अवघड मजकूर मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करते. बाबा तो रानात एकटे ऐकतील. साधा, हलका मजकूर मोठ्या अक्षरांत पाठवते. तो बाईच वाचतील.”

“आणि प्रश्नांची उत्तरं?”

“ती बाबा मला तोंडी देतील.”

“नाव राहू दे,” मॅडम म्हणाल्या.

सात-आठ महिने हे चाललं. पुढे बाईंच्या ओळी सुटायला लागल्या. एकदा मी समोर असतानाच त्या मध्येच अडल्या, पुढचा शब्द सापडेना. बाबांनी खालून ते वाक्य पूर्ण केलं. रोज तेच ऐकून त्यांचं पाठ झालं होतं. बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, नवरा म्हणून ओळखलं नाही. पण म्हणाल्या, “शाब्बास. घरी अभ्यास केलेला दिसतोय. बस खाली.”

बाबा खालीच बसलेले होते. “व्हय बाई,” म्हणाले.

आता बाई वाचत नाहीत, फारशा बोलतही नाहीत. मंचरला महिन्यातून एकदा आम्ही सांभाळणाऱ्यांची बैठक घेतो. तिथे येणाऱ्या निम्म्या लोकांनी मजकूर उघडलेलाही नसतो. मग सुदामबाबा उभे राहतात आणि तो तोंडपाठ सांगतात, स्वल्पविरामाला जरासं थांबून.

नव्या मुली कामाला आल्या की मी त्यांना एवढंच सांगते. स्क्रीनवर किती मिनिटं ते दिसतं, कोण ते दिसत नाही. घरी जा, आधी चहा घ्या, मग विचारा की इथे वाचतं कोण. उत्तर ऐकून दचकायला झालं, तर नियम लगेच बाहेर काढू नका. मजकूर संपेपर्यंत दारात उभं राहा.