सुजाताच्या लॅपटॉपची फाईल

कचेरीतल्या फाईलींना मुदत असते. पाच वर्षं, दहा वर्षं, मग त्या नष्ट करायच्या. किश्शांना अशी मुदत कोणी ठरवून दिलेली नाही, म्हणून ते साचत जातात. मी छत्तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढली. तिथं होता त्याहून मोठा ढीग आता मंगरूळपीरच्या एका चहाच्या बाकावर आहे. तिथं आम्ही चौघं निवृत्त कारकून रोज बसतो: इंगोले, गावंडे, करीमभाई आणि मी. त्या ढिगातले हे एकाच लॅपटॉपचे किस्से.

*

इंगोलेंची नात सुजाता तेव्हा आसेगावला राहायची. पुण्याच्या एका कंपनीच्या नोकरीची परीक्षा तिला महिन्याभरानं घरूनच द्यायची होती. मोबाईलवर ती होत नाही, लॅपटॉपच लागतो. स्वस्तातला एक तिनं वाशीमच्या दुकानात पाहून ठेवला होता. इंगोलेंनी बाकावर सहज विचारलं, "घ्याव का नाई घ्याव, तुमीच सांगा."

चार कारकुनांच्या बाकावर असं सहज काही विचारू नये. दुसऱ्या दिवशी गावंडे फाईल उघडून घेऊन आले. पुठ्ठा, नाडी, आणि वर सुवाच्य अक्षरात, 'विषय: स्वस्त लॅपटॉप खरेदीबाबत'. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. पहिला फायदा: वजनास हलका. पहिला तोटा: हलका असल्याने चोरास सोयीचा.

*

प्रत्यक्ष पाहणीसाठी आम्ही वाशीमला गेलो. करीमभाईंनी जन्मभर कचेरीतल्या टेबल-खुर्च्यांची नोंदवही सांभाळली. त्यांनी लॅपटॉप उचलला, तळहातावर तोलला आणि पाठीवर टिचकी मारून पाहिली. दुकानदार म्हणाला, एक वर्षाची वॉरंटी आहे.

"माह्या खुर्चीले कोनं वारंटी देल्ली होती? एकोणीस सायेब बदलले, तिचा पाय नाई हालला."

त्या खुर्चीवर इंटरनेट चालत होतं का, असं दुकानदारानं विचारलं नाही. सज्जन माणूस.

मी विचारलं, यात कागद किती मावतील? तो म्हणाला, तुमची अख्खी रेकॉर्ड रूम मावेल, वर जागा उरेल. मी त्या वस्तूकडे बघत राहिलो. डब्याच्या झाकणाएवढी जाड. छत्तीस वर्षं मी ज्या ढिगाची राखण केली, तो हिच्या एका कोपऱ्यात बसणार होता. शेवटी हळूच विचारलं, "याले वाळवी लागते का?"

"नाही, काका."

डावीकडे लिहून घेतलं.

*

आमच्या खात्याची रीत अशी, की शंका काढल्याशिवाय सही करायची नाही. सही केली की जबाबदारी आली. त्यामुळे फाईल गावंडेंकडे पाच दिवस, करीमभाईंकडे सहा, माझ्याकडे फक्त चार दिवस राहिली. शेरे वाढले. पडदा लहान आहे. आसेगावची लाईन जाते. रंग राखाडी आहे, मळ दिसणार नाही (हा फायदा की तोटा, यावर चर्चा करावी). इंगोले नुसते हो म्हणायचे. नातीच्या नोकरीचा प्रश्न होता आणि त्यांचा आमच्यावर भरवसा होता.

शेवटी गावंडेंनी लिहिलं, 'परीक्षा दोन महिने पुढे ढकलता येईल काय, याचा खुलासा व्हावा.'

इंगोले फाईल घेऊन आसेगावला गेले. ती परत आली तेव्हा त्याखाली वेगळ्या अक्षरात एकच शब्द होता. 'नाही.'

*

परीक्षेला अकरा दिवस उरले, तेव्हा सुजाता स्वतः एसटीनं आली. बाकाजवळ उभ्यानंच तिनं सगळी फाईल वाचली. हसली नाही, हे विशेष. मग माझ्याच पेनानं लिहिलं:

'कॅमेरा लागतो, आहे. तीन तास बॅटरी लागते, पाच तास टिकते. बाकीचे मुद्दे परीक्षेत विचारणार नाहीत.'

अडीच ओळी! इतकी आखूड आणि इतकी पूर्ण टिपणी माझ्या अख्ख्या नोकरीत माझ्या हाताखालून गेली नाही. गावंडेंनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "हे पोरगी आपल्या आफिसात असती, तं आपल्या चौघायची गरजच नव्हती."

आणि सही केली. शंका न काढता.

*

सुजाता आता पुण्याला त्याच कंपनीत आहे. पण खरा किस्सा परीक्षेच्या दिवशीचा. गावंडेंच्या घरी नेट चांगलं, म्हणून ती तिथं आतल्या खोलीत बसली. परीक्षेचा नियम असा, की कॅमेरा बघत राहतो आणि माईक ऐकत राहतो. खोलीत दुसऱ्याचा आवाज आला तर पेपर बंद होऊ शकतो.

गावंडेंनी दारावरची बेल काढून ठेवली. वहिनींनी कुकर लावला नाही. आम्ही अंगणात बसलो, आणि भाजीवालासुद्धा आमच्याकडे बघून कुजबुजत पुढे गेला.

करीमभाईंना जुना खोकला आहे. दर दहा मिनिटांनी येतो आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो. पेपर सुरू व्हायच्या आधी ते उठले आणि निघून गेले.

तीन तासांनी सुजाता बाहेर आली. म्हणाली, "आबा, पुरा सोडवला." इंगोले पायरीवरच बसले.

मग करीमभाई आठवले. शोधत शोधत आम्ही एसटी स्टँडवर पोचलो. घरापासून दीड किलोमीटर. गाड्या हॉर्न वाजवत होत्या, कंडक्टर गावांची नावं ओरडत होते. त्या गोंगाटात करीमभाई शेवटच्या बाकावर बसले होते. खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर दाबलेला, डोळे लालभडक.

आम्हाला बघून त्यांनी हातानंच विचारलं, झाला?

गावंडे म्हणाले, "झाला, करीमभाई. पुरा सोडवला पोरीनं."

तेव्हा त्यांनी दुपट्टा काढला आणि खोकले.