न वाकलेली पिन

केळीच्या ट्रॉलीची ती तुटकी पिन इतकी वर्षं झाली तरी डोळ्यांपुढून हलत नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपायाचा फौजदार झालो, तो कुणाच्या चिठ्ठीवर नाही.

दापोऱ्याहून बुऱ्हाणपूरला येताना उतारावर ट्रॅक्टरची ट्रॉली सुटली आणि उलटली. एक मजूर बाई पायानं अधू झाली. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी पिन सरळ तुटलेली, कुठं वाक नाही. मी पंचनाम्यात लिहिलं, ‘पिन आरीने कापलेली.’ संध्याकाळी खबर आली, ट्रॅक्टरच्या मालकानं कामावरून काढलेला ड्रायव्हर आदल्या दिवशी आरी घेऊन ट्रॉलीपाशी दिसला. उचलला त्याला.

“मालकाशी भांडलास?”

“भांडलो साहेब.”

“बघून घेईन म्हणालास?”

“म्हणालो. डोकं फिरलं होतं.”

“आरी कुणाची?”

“माझीच. माझं सामान न्यायला गेलो होतो.”

“म्हणजे पिन तूच कापली!”

“नाही साहेब.”

दिवसभर विचारलं. बाकी सगळं कबूल, एवढं एक नाही. मी म्हटलं, नरम माणूस आहे, उद्या फुटेल.

कोर्टात नेण्याआधी पिन बनवणाऱ्या लोहाराचा जबाब हवा होता. म्हातारा माझ्यासारखाच ताठ.

“आरीनं कापली?” तो हसला. “माझ्या हातचं पाणी दिलेलं लोखंड आहे फौजदार. चालवून बघा आरी!”

चालवली. आरी नुसती घसरली. तिचे दाते गेले, पिनीवर चरा नाही.

“मग तुटली कशी, दादा?”

त्याचं हसू थांबलं. पिनीचं तुटकं तोंड त्यानं उजेडात धरून बघितलं. “मालक म्हणे पिन लवकर घासते, दगडासारखी कर. लाल करून थंड पाण्यात घातली. मग परत जरा शेकायची असते, तेव्हा झटका सोसते. नरम पडेल म्हणून शेकली नाही मी. उतारावरच्या झटक्यानं काचेसारखी मोडली.” मग म्हणाला, “लिहा माझं नाव.”

ठाण्यात हवालदार म्हणाला, “साब, रहने दो ना. पहिल्या पंचनाम्यावर तुमचीच सही आहे. लोक हसतील.”

“हसू दे.”

पंचांसमोर पुन्हा आरी चालवली, दुसरा पंचनामा केला, ड्रायव्हरला घरी धाडला.

ओरखडा न घेणारी वस्तू झटका सोसेलच असं नाही. तो ड्रायव्हर प्रत्येक सवालाला वाकला आणि खऱ्यापाशी टिकला. मला लोक कडक फौजदार म्हणायचे. त्याचा अभिमान होता, अजून आहे. पण माझीच पहिली सही खोटी पाडणारी दुसरी सहीही मीच केली. नोकरीतली तेवढी एक सही मी मुलांना सांगतो.