कपाळावरचा बुक्का

एकादशीचं दुपारचं कीर्तन ऐकून घरी येतो आणि चटईवर आडवा होतो. कानात झांज अजून वाजतेय. डोळा लागतो न लागतो तोच झांजेचा चेंडू होतो. टप, टप, टप.

"आप्पा, सरका जरा."

विलास इंगवले, आमच्या 'कोयना चित्ते' संघाचा कप्तान. जाऊन तीन वर्षं झाली त्याला. मी सरकत नाही. गेलेला माणूस भरदुपारी उगाच येत नाही. संध्याकाळच्या सभेचा सुगावा लागलाय याला.

आमचा पगारी बास्केटबॉल संघ एकच हंगाम टिकला. मी त्यांचं सामान सांभाळायचो. शेवटचा सामना एका गुणाने गेला आणि मालकाने गाशा गुंडाळला. अखेरचे दोन्ही फ्री थ्रो विलासने हुकवले होते. मुद्दाम हुकवले, असं मी वीस वर्षं गावभर सांगतोय. आता आजच्या सभेत मैदानाला म्हणे त्याचं नाव द्यायचं! माझं विरोधाचं पत्र उशाशी तयार आहे.

चटईखाली लाकडी फळ्या येतात. कीर्तनाच्या मंडपात खांबाला रिंग लटकतेय, आणि बुवा शिट्टी तोंडात धरून उभे आहेत.

"मुद्दामच ना रे?" मी विचारतो.

"तुम्ही तर समोर बाकावर होता. नाम घेत."

"मला बोलण्यात गुंतवू नकोस."

"बरं. फेकण्याआधी मी काय करायचो?"

दर वेळी तळव्याने कपाळ पुसायचा. हे आठवतं.

"आणि त्या दिवशी कपाळावर काय होतं, आप्पा?"

 देवळातून नेलेला बुक्का. जिंकावेत म्हणून टाइमआउटमध्ये मीच फासला होता. बोटभर नव्हे, चांगला मूठभर.

"घामात कालवला की चेंडू हातात राहत नाही हो."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्ही डोळे मिटून हात जोडलेले. काय बोलणार? वास मात्र झकास होता!"

"मेल्यावरही थापा? हात दाखव."

तो पंजा पुढे करतो. काळा, ओला. मग माझ्या उशाशी तोच टेकवून, गुडघे दुखणाऱ्या माणसासारखा हळूच उठतो.

झांज थांबते. मी जागा होतो.

पत्रावर काळा पंजा उमटलाय. कीर्तनात लावलेला माझ्याच कपाळाचा बुक्का ओघळला असेल, मी स्वतःला सांगतो. खात्रीसाठी त्यावर माझा हात ठेवून बघतो.

माझी बोटं संपतात, तिथून पुढे दोन पेरं पंजा उरतो.