मागच्या बाकावरचे केन्जीबाबा

नाटकाची तालीम ऐन रंगात आली होती आणि आमच्या वाडीत मासळी विकणारी वरळीची राधाबाई कोळीण टोपलीसकट थेट आत आली. "मास्तर, तुमचा बाबा उठत नाय," एवढंच म्हणाली. धावत फणसवाडीत पोचलो, तेव्हा केन्जीबाबा खिडकीकडे तोंड करून निजले होते. दुपारचं ऊन चेहऱ्यावर होतं... वाटलं, आता उठतील आणि चहा मागतील. महिना झाला, अजून तसंच वाटतं.

बाबा जपानचे. नावातच 'जी' असल्यामुळे वाडीतली माणसं पहिल्या दिवसापासून त्यांना आदरानं हाक मारू लागली. आपण नुसतं नाव घेतोय, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. तिकडे लहानपणापासून साठीपर्यंत त्यांनी रंगभूमीवर स्त्रियांची कामं केली. उतारवयात गावोगाव खेळ करत फिरणाऱ्या एका मंडळीबरोबर बोटीनं मुंबईस आले, तापानं अंथरुणाला खिळले आणि मंडळी पुढं निघून गेली. आमच्या नाटक मंडळीच्या मालकांनी त्यांना नटांचे चेहरे रंगवायला ठेवून घेतलं, राहायला माझ्या शेजारची खोली दिली. थोडं मराठी आल्यावर मी विचारलं, "बाबा, परत नाही जायचं?" ते हसले. "तिकडे कोण ओळखणार? माझे बघणारे मेले."

मी तेव्हा नायिकेची कामं करत असे. तिशी उलटली आणि आवाज फाटला. मालक म्हणाले, "आता आईची भूमिका घ्या. जमलं तर ठीक, नाहीतर दुसरी वाट बघा." नाटकाखेरीज मला काही येत नव्हतं. बाबांच्या खोलीत मी ती आई करून दाखवली, लढाईवर गेलेल्या मुलाची वाट बघणारी. सारखा दाराकडे धावत होतो. बाबांनी मला थांबवलं. "आई दाराकडे नाही बघत. आई चुलीकडे बघते. कान दाराकडे." मग ते स्वतः बसले. पाठ जराशी वाकली, मान किंचित कलली आणि पिकल्या केसांचा तो म्हातारा कुठं नाहीसाच झाला... समोर माझी आई बसली होती.

दुपारी रिकाम्या थिएटरात ते अगदी मागच्या बाकावर जाऊन बसत. मी ओरडून बोललो की 'नाही' अशी मान हलवत. गळ्यातल्या गळ्यात बोललो आणि तरी शब्द पोचला, की तिथून हात वर होई. अशा कितीतरी दुपारी गेल्या. त्या फाटक्या आवाजातच मला आई सापडली आणि माझी भाकर टिकली.

परवा, ते गेल्यानंतरचा पहिला प्रयोग झाला. राधाबाईला मीच बोलावलं होतं. जन्मात तिनं नाटक पाहिलं नव्हतं. जागा मिळाली ती मागच्या बाकावर. मी चुलीपाशी बसलो. पावलं वाजल्याचा भास झाला, तरी दाराकडे पाहिलं नाही. हळूच म्हणालो, "आलास का रे बाळा?"

तेवढ्यात मागच्या अंधारातून राधाबाईचा आवाज आला, "नाय गं बाय... अजून नाय आला."

कुणी हसलं नाही.