फ्रँकफर्ट ते लिस्बन, मधे थांबा नाही

म्हातारे रोज एका बाकावर बसले की किस्से गोळा करावे लागत नाहीत. बीचवरून परतताना चपलेला वाळू लागते, तसे ते आपोआप घरी येतात. चेन्नईच्या शोळिंगनल्लूरला आमच्या बिल्डिंगखाली आम्ही तिघे बसतो. एसटीतून रिटायर झालेले कदम कंडक्टर, जन्मापासून इथलेच तंजावरी मराठी राव आणि मी, जुना ट्रक ड्रायव्हर. मी कमी बोलतो. म्हणून सगळं माझ्याच बाबतीत घडतं!

*

माझी सुमी लिस्बनला असते. पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. फोनवर एवढंच म्हणाली, "आई असती तर आली असती."

मी म्हणालो, "मी येतो."

मुलगा घाबरला. "बाबा, फ्रँकफर्टला विमान बदलावं लागतं. तुम्हाला इंग्रजी येत नाही."

"गुम्मिडिपूंडीला पहिल्यांदा माल घेऊन आलो, तेव्हा तमिळ कुठे येत होतं?"

त्याने तिकीट काढलं.

*

कदमांनी विचारलं, "फ्रँकफर्ट ते लिस्बन अंतर किती?"

"अठराशे-एकोणीसशे किलोमीटर. तीन तास." आमच्या भरलेल्या ट्रकला चार दिवस लागले असते.

"मधे थांबा?"

"नाही."

"मग लघवीचं काय?"

"आतच सोय असते."

कदमांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "छत्तीस वर्षं चुकीच्या खात्यात काढली!"

*

राव तिकीट घेऊन बसले. दहाला सुटून बाराला पोचणार, असं त्यावर होतं. "अय्यो, हे दोनच तास झाले! तिसरा कुठे गेला?"

मुलाने समजावलं, "लिस्बनचं घड्याळ एक तास मागे आहे, काका. परत येताना चार तास दिसतील."

कदम मला म्हणाले, "जाताना एक तास तरुण, येताना एक तास म्हातारा. परत येऊच नकोस!"

*

गाडी बदलायची सवय हवी, म्हणून रावांनी माझी परीक्षा घेतली. शोळिंगनल्लूर ते एन्नोर. बस, मग लोकल. कुणाला एक शब्द विचारायचा नाही.

मी पाट्या वाचत, माणसं बघत बरोबर एन्नोरला उतरलो. रावांना फोन लावला. "पोचलो."

"मीही पोचलो," राव हळूच म्हणाले. माझ्यावर लक्ष ठेवायला ते मागच्या डब्यात बसले होते. कुणाशी तरी गप्पा मारता मारता एन्नोर मागे टाकून थेट गुम्मिडिपूंडीला गेले!

*

फ्रँकफर्टला अचानक गेट बदललं. मी तिकिटावरचा विमानाचा नंबर आणि बोर्डावरचा नंबर, एकेक आकडा बोट लावून जुळवला. चुकायचं नाही, असं ठरवूनच निघालो होतो. नव्या गेटवर सगळ्यात आधी मी पोचलो. दार उघडायला अजून दीड तास होता!

*

लिस्बनला सुमी घ्यायला आली होती. पोट सांभाळत धावली. मी म्हणालो, "हळू गं."

गाडी जावई चालवत होते. मी त्यांच्या शेजारी, सुमी मागे.

"बाबा, डोळे किती लाल झालेत तुमचे. झोपा ना जरा."

"ड्रायव्हरजवळ बसलेल्याने झोपायचं नसतं, सुमे. त्यालाही पेंग येते."

"मग विमानात तरी झोपायचं! चांगले तीन तास होते."

"कसा झोपणार? माझी सीट पहिल्या रांगेत. पुढे पायलटच!"